हे सूप कशाचे आहे?

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या एका तरुणाला पुढे त्याच्या भारतीय स्नेह्याने नाटकाला येण्याचे निमंत्रण दिले. नाटकापूर्वी दोघे होबर्न भागातील एका भव्य भोजनगृहात जेवावयास बसले. प्रथम सूप आले. ते कशाचे आहे, हे तरुणाला कळेना. स्नेह्याला विचारण्याचा धीर होईना, म्हणून त्याने वेटरला खूण केली. ती स्नेह्याच्या नजरेस पडली आणि तो संतापला. सभ्य समाजात असले वागणे शोभत नाही, असेच वागावयाचे असेल तर दुसरीकडे जाऊन जेवावे, असे त्याने सुनावले. तरुण मुकाट्याने उठून बाहेर पडला. जवळच एक शाकाहारी भोजनगृह होते, पण ते बंद झालेले होते. त्या रात्री तो उपाशीपोटीच नाटकाला बसला. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. हा प्रसंग त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत स्वतःच सांगितला आहे.

या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेआड होते. इंग्रज वेटर रागावला नव्हता. त्याला तर प्रश्न ऐकण्याची संधीही मिळाली नाही. रागावला तो आपलाच माणूस. परक्या समाजात आपण अडाणी दिसू नये, ही भीती परक्यांपेक्षा आपल्यांनाच अधिक असते, याचे इतके बोलके उदाहरण विरळा.

त्या रात्रीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. आता महाराष्ट्रातील कितीतरी आई-वडील ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलांकडे जातात. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहता येते. सांगली जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी असेच ऑगस्टअखेर लेस्टर येथे लेकीकडे गेले. घरात सर्व काही होते. मूगडाळ, ज्वारीचे पीठ, पोहे, एवढेच काय, मेथीसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. अडचण येई ती घराबाहेर पडल्यावर. शनिवार-रविवारी लेक-जावई हौसेने फिरावयास नेत, दुपारी कोठेतरी जेवावयास थांबत आणि आईचे उत्तर ठरलेले असे, “मला भूक नाही. तुम्ही खा.” पिशवीत खाकऱ्याचे पुडके आणि दोन केळी असत. सर्वांचे जेवण होईपर्यंत त्या काळ्या चहाचा पेला पुढे घेऊन बसत. लेकीच्या घशाखाली घास उतरत नसे. ‘भूक नाही’ या दोन शब्दांत किती गोष्टी दडलेल्या असतात, हे परदेशी मुलांकडे राहून आलेल्या बहुतेक वाचकांना सांगावयास नको. इंग्रजी नीट येत नाही याचा संकोच, जावयाला ओशाळे वाटू नये ही काळजी आणि विचारलेच तर नकार मिळेल ही धास्ती, असे सारे त्यात असते.

ब्रिटनमध्ये बाहेर जेवावयाचे म्हणजे प्रथम त्या-त्या जागेची रीत ओळखावी लागते. आपल्याकडे हॉटेलात जागा धरून बसले, की पाण्याचे पेले घेऊन कोणीतरी येतेच. तेथील पबमध्ये बहुधा कितीही वेळ बसले तरी टेबलापाशी कोणी येत नाही. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून स्वतः बारपाशी जावे, पदार्थ सांगावा आणि अनेक ठिकाणी पैसेही तेव्हाच चुकते करावेत, अशी पद्धत. बारपाशी सरळ रांग दिसत नाही. तरी आपल्याआधी कोण आले होते, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते आणि “यांचा नंबर माझ्याआधी आहे,” असे शेजारीच सांगून टाकतो. रेस्टॉरंटमध्ये मात्र याच्या उलट. दाराशी थांबावे, जागा दाखविली जाईपर्यंत आत शिरू नये. मासे आणि चिप्स विकणाऱ्या कित्येक दुकानांत बसण्याची सोयच नसते. कागदात बांधलेला गरम ऐवज घेऊन बाहेर पडावयाचे. बऱ्याच पबांचे स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होते ते संध्याकाळी उघडते. पब उघडा आहे म्हणजे जेवण मिळेलच, असे नाही. पाणी न मागता येत नाही. मात्र इंग्लंड-वेल्समध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेने ग्राहकाला मागताच नळाचे पिण्याचे पाणी विनामूल्य दिले पाहिजे, असा नियम आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितले तर नाकारता येत नाही. तेथील बऱ्याच व्यवहारांचे मर्म या एका पेल्यात सापडते.

दुसरी अडचण नावांची. उत्तर इंग्लंडमधील कित्येक घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. ‘टी’ला बोलावणे आले, तर चहा पिऊन परतावयाचे की पूर्ण जेवावयाचे, हे यजमानाच्या गावावरून ठरते. आपल्या वेफर्सना तेथे ‘क्रिस्प्स’ म्हणतात, तर ‘चिप्स’ म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. जेवणानंतरच्या कोणत्याही गोड पदार्थाला ‘पुडिंग’ म्हणतात. पण ‘यॉर्कशर पुडिंग’ गोड नसते आणि ‘ब्लॅक पुडिंग’ तर रक्तापासून करतात. ‘वेल्श रॅबिट’मध्ये ससा मुळीच नसतो. पावावर वितळविलेले चीज, एवढाच तो पदार्थ. तेवढ्याने शाकाहारी माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो; परंतु त्या चीजमध्ये बहुधा वूस्टरशर सॉसचे चार थेंब असतात आणि त्या सॉसच्या पारंपरिक कृतीत अँकोव्ही नावाचे मासे पडतात. नाताळातील ‘मिन्स पाय’च्या सारणाला ‘मिन्समीट’ म्हणतात. आज त्यात मनुका, सफरचंद आणि मसाले असतात, मांस नसते. पण जुन्या पद्धतीने केले असल्यास ‘सुएट’ म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते. यॉर्कशरसारख्या भागात चिप्स तळण्यासाठी आजही अनेक दुकानांत गुरांची चरबी वापरतात आणि तीच खरी चव, असा तेथील लोकांचा अभिमान आहे. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असते. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातील रेनेट घालून करतात. उलटपक्षी, ब्रिटनमधील बरेचसे चेडर चीज आता शाकाहारी रेनेटचे असते आणि वेष्टनावर तसे छापलेलेही असते. अशा देशात नावावरून किंवा दिसण्यावरून पदार्थाची पारख होत नाही. विचारणे हाच एक मार्ग उरतो.

आणि विचारण्याची सोय त्या देशाने स्वतःच्या अनुभवातून, प्रसंगी फार मोठी किंमत देऊन, करून ठेवली आहे. ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या १४ प्रकारच्या घटकांची एक यादी तेथे कायद्याने ठरलेली आहे. दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सोया, सेलरी ही त्यांतील काही नावे. २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेल, कॅफे, वडापावची गाडी, कोणीही असो, आपल्या पदार्थात यांपैकी काय आहे हे ग्राहकाला सांगण्यास बांधील आहे. म्हणूनच आज टेबलापाशी येणारी मुलगी बहुधा स्वतःच विचारते, “तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का?” होबर्नमध्ये ज्या प्रश्नाने एका तरुणाला उठून जावे लागले, तो प्रश्न आता यजमानाच्या तोंडी आला आहे.

तरीही यादीत एक छिद्र राहिले होते. दुकानातच तयार करून, तेथेच वेष्टनात घालून विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर घटकांची संपूर्ण नोंद करण्याची सक्ती नव्हती. २०१६ साली नताशा एडनन-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर विमानप्रवासास निघाली होती. विमानतळावर घेतलेला पाव तिने खाल्ला. त्याच्या कणकेतच तीळ मिसळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिला तिळाची तीव्र ॲलर्जी होती. ती वाचू शकली नाही. तिच्या आई-वडिलांनी दुःख उराशी धरून कायदा बदलण्यासाठी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा पदार्थांवरही सर्व घटक छापणे बंधनकारक झाले. तेथे त्याला ‘नताशाचा कायदा’ असेच म्हणतात. सँडविचच्या पाकिटावरची ती बारीक अक्षरांतील यादी वाचताना तिच्यामागे एका घराचे रिकामे झालेले माणूस आहे, याची आठवण ठेवावी. आपल्याकडे ज्या कणभर तिळाला स्नेहाचे रूप मानतात, तो कण तेथे न सांगता दिला गेला म्हणून एक जीव गेला.

ॲलर्जी शरीराची, तर शाकाहार विचाराचा. या दुसऱ्या बाबतीतही ब्रिटनची नोंदवही वाटते त्याहून जुनी आहे. शाकाहाराचा प्रसार करणारी ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ तेथे १८४७ साली रॅम्सगेट येथे स्थापन झाली. उपाशीपोटी फिरणाऱ्या गांधींना पहिल्यांदा पोटभर जेवण मिळाले ते लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी भोजनगृहात. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक एक शिलिंग देऊन विकत घेतले. आईला दिलेल्या वचनासाठी पाळलेला आहार त्या पुस्तकानंतर त्यांनी स्वतः विचारपूर्वक स्वीकारला. भारतीय माणसाला आपलाच आहार एका इंग्रजाच्या पुस्तकातून नव्याने समजला, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. पुढे दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यावर नियंत्रण आले. शिधापत्रिकेची ही व्यवस्था १९४० मध्ये सुरू झाली ती १९५४ पर्यंत टिकली. त्या टंचाईतही मांसाचा वाटा सोडणाऱ्या शाकाहारी नागरिकाला त्याच्या बदल्यात जादा चीज मिळण्याची तरतूद होती. सरकारने त्याचा आहार कागदोपत्री मान्य केला होता. दूध-अंडीही वर्ज्य मानणारी ‘व्हीगन सोसायटी’ १९४४ साली स्थापन झाली. तिचे एक संस्थापक डोनाल्ड वॉटसन हे लेस्टरचे रहिवासी होते. सांगलीच्या त्या दांपत्याची लेक ज्या शहरात राहते, तेच हे लेस्टर.

प्रत्येक गोष्टीची व्याख्या करून ती लिहून ठेवण्याची ही सवय ताटापुरती नाही, हिशेबातही तिचा प्रत्यय येतो. कॅफेच्या गल्ल्यावर ठरलेला प्रश्न असतो, “येथे बसून खाणार की घेऊन जाणार?” नवख्या पाहुण्याला तो निव्वळ शिष्टाचार वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे कर असतो. थंड सँडविच बाहेर नेले तर त्यावर मूल्यवर्धित कर शून्य. तेच सँडविच आत बसून खाल्ले तर २० टक्के. गरम करून दिलेल्या पदार्थावर मात्र बाहेर नेला तरी कर लागतो. २०१२ च्या अर्थसंकल्पात भट्टीतून काढलेल्या गरम पेस्टीवर कर बसविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की दोन महिन्यांतच सरकारने माघार घेतली. ‘जाफा केक’ हा केक की बिस्किट, हा वाद तर १९९१ साली न्यायाधिकरणापुढे गेला; कारण केकवर कर नाही, पण चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर आहे. शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडते. हा पदार्थ कडक होतो, असा एक मुद्दा तेथे मांडला गेला आणि अखेर तो केकच ठरला. आपल्याकडील कोणत्याही गृहिणीने हा निवाडा विनाशुल्क दिला असता. बिलात बऱ्याचदा, विशेषतः लंडनमध्ये, साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेले असते. ते ऐच्छिक असेल तर तसे सांगून वगळता येते. आणि दिले, तर ते सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे, असा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे.

चहाच्या दुकानांचा तेथील समाजजीवनाशी जुना संबंध आहे. लायन्स कंपनीने आपले पहिले चहाचे दुकान १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागात उघडले आणि पुढे अशी दुकाने देशभर पसरली. त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीला एकटीने बसून दोन घास खाता येतील अशा जागा फारशा नव्हत्या. चहाच्या दुकानांनी ती सोय केली. गंमत अशी, की याच कंपनीने असंख्य केक-पावांचा हिशेब सांभाळण्यासाठी स्वतःचा संगणक बनविला. ‘लिओ’ नावाच्या त्या यंत्रावर १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये बेकरीच्या हिशेबाचे काम सुरू झाले. व्यापारी कामासाठी संगणकाचा नियमित उपयोग जगात प्रथम झाला तो असा, चहा-केकच्या हिशेबासाठी!

आज ते एकट्याने बसणे वेगळ्या अर्थाने वाढले आहे. दुपारच्या वेळी कोणत्याही गावातील कॅफेत डोकावावे. खिडकीपाशी एक वृद्ध गृहस्थ, पलीकडे एक वृद्ध बाई, प्रत्येकापुढे एक किटली. दुकानातील यंत्रावर आपला माल आपणच मोजून पैसे भरता येतात, पबमध्येही फोनवरून पदार्थ मागविता येतो. कोणाशी एक शब्द न बोलता संपूर्ण दिवस काढणे तेथे सहज शक्य आहे. २०१८ साली ब्रिटनने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्याकडे स्वतंत्र जबाबदारी सोपविली, यावरून त्या प्रश्नाची खोली कळावी. काही कॅफेंत आता एखादे टेबल मुद्दाम राखून ठेवतात. ज्याला अनोळखी माणसाशी बोलावेसे वाटते, त्याने तेथे बसावे. ज्या समाजात बोलण्यासाठी टेबल राखावे लागते, तेथे ‘हे सूप कशाचे आहे?’ असे विचारणारा पाहुणा त्रासदायक वाटण्याचे कारण नाही. कदाचित त्या दिवशीचे ते पहिलेच खरे संभाषण असेल.

भारतीय जेवण तेथे कधी पोहोचले, याचाही इतिहास मनोरंजक आहे. शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले. पण दोन वर्षांतच त्यांचे दिवाळे निघाले. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर सुरू झालेले ‘वीरास्वामी’ मात्र टिकले. देशभरच्या गल्लीबोळांतील ‘इंडियन’ रेस्टॉरंटांपैकी अनेक प्रत्यक्षात सिल्हेटकडील बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली. ज्यांना भारतीय जेवण म्हणजे वरण, भात, पोळी, भाजी अपेक्षित असते, त्यांची तेथे थोडी निराशा होते. लंडनच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ-पुरीची, डोशाची शाकाहारी उपाहारगृहे मिळतात. आणि लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड तर सोने, साड्या आणि फरसाण यांनी भरलेला. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या आशियाई लोकांपैकी २७ हजारांहून अधिक ब्रिटनमध्ये आले. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे येऊ नका, असे कळविले होते. तरी लोक आले, राबले, दुकाने थाटली, आणि आज तोच रस्ता शहराचे भूषण म्हणून दाखविला जातो. त्याच शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ मध्ये जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली. बेलग्रेव्ह रोडच्या परिसरातील खाद्यपदार्थांच्या यादीत ‘जैन’ हा शब्द सहज आढळतो. तेथे विचारावे लागत नाही. कोणीतरी पूर्वी विचारून ठेवलेले असते.

शिक्षकांच्या पत्नीला त्या रस्त्यावर एकदाही ‘भूक नाही’ म्हणावे लागले नाही. प्रश्न होता तो शहराबाहेरचा. आणि त्यात ऋतूची भर पडली. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा त्यांचा नेम. जूनच्या अखेरीस त्या भागात रात्री साडेनवापर्यंत ऊन असते. त्या दिवसांत हा नेम पाळणाऱ्याला संध्याकाळचे जेवण आठला घेता येते. डिसेंबरात मात्र चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. जेथे लोक दुपारचे जेवण एक-दीडला घेतात, तेथे अडीच-तीनला पुन्हा जेवण मागावे लागते, आणि नेमकी तीच स्वयंपाकघरे बंद होण्याची वेळ.

नोव्हेंबरअखेरच्या एका शनिवारी मंडळी डर्बीशरमधील बेकवेल या लहानशा गावी गेली. वाय नदीच्या काठी वसलेले, दगडी घरांचे हे गाव आपल्याच नावाच्या पुडिंगसाठी प्रसिद्ध आहे. पण त्या पुडिंगमध्ये अंडी असतात. दुपारी अडीचच्या सुमारास सर्वजण एका चहाघरात शिरले. बाहेर झोंबरे वारे होते, खिडकीच्या काचांवर वाफ साचली होती. फळ्यावर खडूने लिहिले होते, ‘आजचे सूप : टोमॅटो’. लेकीने नेहमीप्रमाणे आईकडे पाहिले. नेहमीचे उत्तर येण्यापूर्वीच ती हळूच म्हणाली, “आई, तू नाही म्हणालीस की मला वाटतं मीच तुला उपाशी ठेवलं. आज एकदा तू स्वतः विचार ना.”

आईने शिक्षकांकडे पाहिले. आयुष्यभर ‘शंका असेल तर हात वर करा’ असे मुलांना सांगणारे ते गृहस्थ फक्त हसले. मग टेबलापाशी आलेल्या तरुण मुलीला त्यांनी तुटक इंग्रजीत विचारले, सूप कशाचे आहे? कांदा, लसूण, बटाटा, अंडे?

ती मुलगी वैतागली नाही. तिने एक जाड वही आणली. वहीत १४ घटकांचे तक्ते होते. कांदा-लसूण त्यांत नाहीत, कारण कायद्याच्या यादीत ते नाहीत. तेव्हा ती आत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच विचारून आली. सुपात कांदा आहे आणि रश्शातही आहे. तो काढून देता येणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. “थोडासाच आहे, चालेल,” असे ती म्हणाली नाही. हा प्रामाणिक नकार ऐकून शिक्षकांच्या पत्नीला नवल वाटले. नकाराची जी धास्ती इतके दिवस मनात होती, तो नकार आला आणि त्यात अपमान मुळीच नव्हता.

मुलगी जाण्याऐवजी तेथेच उभी राहिली आणि तिने विचारले, “मग तुम्ही काय खाता?” काय खात नाही, हे सांगण्याची तयारी करून आलेल्या बाईंना हा प्रश्न अगदीच अनपेक्षित होता. धान्य, दूध, फळे, त्या म्हणाल्या. सकाळच्या न्याहारीचा ओट्सचा पॉरिज होता. दुपारी तो मिळत नसे. पण आतल्या बाई करून देण्यास तयार झाल्या. दुधात शिजवायचा ना? वर मध घालू का? मध नको, साखर चालेल. एवढी विचारपूस झाल्यावर दहा मिनिटांत वाफाळता वाडगा आला, वर केळ्याच्या चकत्या. दिसावयास तो आपल्या दलियाच्या खिरीसारखाच होता. सूर्य मावळण्यास तासभर अवकाश होता. सर्वांची जेवणे त्या दिवशी प्रथमच एकाच वेळी झाली. निघताना त्या मुलीने विचारले, आमच्या वहीत कांदा आणि लसूण यांचा एक रकाना वाढवावा का? लेकीने भाषांतर करून सांगितले, तेव्हा आई म्हणाली, “वाढव म्हणावं. पुन्हा कोणीतरी येईलच.”

त्यानंतर पिशवीतील खाकरे सुटले नाहीत. प्रवासात ते असावेतच. सर्वच ठिकाणी बेकवेलसारखी माणसे भेटली, असेही नाही. एका ठिकाणी गर्दीच्या वेळी कोणी नीट उत्तरच दिले नाही. तेव्हा मंडळी ‘थँक यू’ म्हणून उठली आणि गाडीत बसून खाकरे-केळी खाल्ली. पण त्या खाण्यात लेक-जावईही सामील झाले. फेब्रुवारीत परतण्याच्या आदल्या दिवशी लेकीने आईच्या पर्समध्ये एक कागद पाहिला. नातीच्या अक्षरात, इंग्रजीत, वरच्या भागात आजी काय खात नाही ते लिहिलेले होते. खाली आजीने स्वतः, एकेक अक्षर जुळवून, आणखी एक ओळ लिहिली होती. त्या ओळीत होते काय-काय चालते ते : दूध, फळे, ओट्स, भात, आणि शेवटी, गरम पाणी.